चौथीचा चंद्र आणि सीहोरची पाठशाळा

गेल्या वर्षी गणेश चतुर्थीला संध्याकाळची आरती आटोपून आम्ही मंडपातून घरी निघालो होतो. माझ्या आठ वर्षांच्या नातवाने खाली मान घालून चालता चालता विचारले, "आबा, आज चंद्राकडे बघायचं नाही म्हणता. पण तो कुठे आहे ते माहीत नसेल तर चुकून नाही का बघितला जाणार? कुठे बघायचं नाही ते तरी सांगा!"

प्रश्न बिनतोड होता. मी त्याला म्हटले, भाद्रपद शुद्ध चौथीचा चंद्र सूर्य मावळल्यावर पश्चिमेच्या बाजूला, जरा दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि साडेआठ-नऊच्या सुमारास मावळतोही. तेवढा वेळ तिकडे पाठ केली की झाले. लगेच दुसरा प्रश्न आला. "मग संकष्टीला आजी रात्री नऊ वाजता पूर्वेच्या बाल्कनीत का उभी राहते? ती पण चतुर्थीच ना?"

त्या रात्री आम्ही दोघे टेबलावर एक दिवा, एक संत्रे आणि एक लिंबू घेऊन बसलो. दिवा म्हणजे सूर्य, संत्रे म्हणजे पृथ्वी, लिंबू म्हणजे चंद्र. अमावास्येनंतरची चौथ आणि पौर्णिमेनंतरची चौथ यांतला फरक त्याला दहा मिनिटांत कळला. मग भिंतीवरची दिनदर्शिका काढून तो संकष्टीचे चंद्रोदय वाचत सुटला. तो मराठी अडखळत वाचतो. शाळेत हिंदी आणि इंग्रजी असल्यामुळे मराठी घरापुरती उरली आहे. पण "चंद्रोदय" हा शब्द त्याने न अडखळता वाचला, कारण तो त्याच्या रोजच्या जेवणाशी जोडलेला आहे. संकष्टीचे मोदक चंद्र उगवल्याशिवाय मिळत नाहीत!

वाचकहो, तेव्हा माझ्या मनात आले की आपल्या घरांतून मराठी पुस्तके हळूहळू गेली, पण आकाशाविषयीचे एक मराठी वाचन अजून भिंतीवर टिकून आहे. त्या चौकोनात छापलेली चंद्रोदयाची वेळ मुंबईची असते. आपले भोपाळ मुंबईच्या पूर्वेला साडेचार अंशांहून थोडे अधिक आणि उत्तरेला चार अंशांहून थोडे अधिक असल्याने चंद्र इथे कधी दहा, तर कधी पंचवीस मिनिटे आधी उगवतो. कोलकात्याच्या मराठी मंडळींना तर तो तासभर आधी दिसतो. छापलेली वेळ आणि दिसणारा चंद्र यांतला हा फरक ज्या मुलाने एकदा घड्याळ लावून पाहिला, त्याला पृथ्वी गोल आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

पुस्तकातले वाक्य आणि डोक्यावरचे आकाश यांची अशी गाठ घालून देण्याचा एक मोठा प्रयोग आपल्या अगदी शेजारी, सीहोरला, पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी झाला होता. त्यात मराठी शास्त्रीमंडळींचा वाटा मोठा होता. आपण चिंतामण गणपतीच्या दर्शनाला सीहोरला जातो, येताना शरबती गहू आणतो, इंदूरला जाताना तिथे चहाला थांबतो. त्या गावाचा हा इतिहास मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. मलाही तो निवृत्तीनंतरच कळला, आणि तोही शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथातल्या एका चरित्राचा माग काढताना.

त्या काळी सीहोर ही इंग्रजांची छावणी होती आणि भोपाळ दरबाराकडचा कंपनीचा पोलिटिकल एजंट तिथे राहत असे. १८३० च्या दशकात या जागेवर लान्सलॉट विल्किन्सन नावाचे गृहस्थ होते. मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतून आलेले, संस्कृत शिकलेले आणि भास्कराचार्यांच्या 'सिद्धांतशिरोमणी'ने झपाटलेले. हिंदुस्थानातल्या मुलांना कोपर्निकसचे ज्योतिष शिकवायचे तर इंग्रजी पुस्तक त्यांच्या हाती देऊन काम होणार नाही, त्यांच्याच सिद्धांतग्रंथांच्या पायरीवरून त्यांना वर न्यावे लागेल, असे त्यांचे मत होते. १८३४ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी याच विषयावर निबंध लिहिला आणि सीहोरच्या पाठशाळेत ते करूनही दाखवले.

करून दाखवले म्हणजे त्यांच्याबरोबर एक मराठी शास्त्री होते म्हणूनच. त्यांचे नाव सुबाजी बापू. विल्किन्सनसाहेबांच्या घोड्याच्या रुबाबाने पालकांची मने बदलली नसती, शास्त्रीबुवांच्या बोलण्याने मात्र बदलू शकत होती. सुबाजींनी १८३६ मध्ये 'सिद्धांतशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ मराठीत लिहिला. माळव्यात बसून, मराठीत! विश्वाची पुराणांतली मांडणी, सिद्धांतांतली मांडणी आणि कोपर्निकसची मांडणी अशा तिन्ही एकमेकींशेजारी ठेवून त्यांनी त्या ताडून पाहिल्या. पाच वर्षांनी, १८४१ मध्ये, ओंकार भट्ट यांनी याच विषयावर 'भूगोलसार' हे हिंदी पुस्तक लिहिले.

या तीन पायऱ्या नीट समजून घेतल्याशिवाय त्या पाठशाळेचे महत्त्व ध्यानात येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

पुराणांत पृथ्वी सपाट आहे. मध्ये मेरू पर्वत, त्याभोवती जंबुद्वीप, मग खारा समुद्र, मग पुढचे द्वीप, अशी एकात एक वलये. सूर्य मेरूभोवती फिरतो आणि मेरूआड गेला की रात्र होते. चंद्र सूर्याच्याही वर आहे. ग्रहणात राहू त्यांना गिळतो. तेव्हाच्या बहुतेक मुलांनी आजीच्या मांडीवर हेच ऐकलेले असे.

सिद्धांतांत पृथ्वी गोल आहे आणि कशाच्याही आधाराविना आकाशात आहे. चंद्र सर्वांत जवळ आहे. चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीने होते. हे सांगणारा ग्रंथ परक्याचा नव्हता, ११५० साली लिहिलेला भास्कराचार्यांचा होता. त्याच आचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ स्थापन केला. तिथल्या १२०७ सालच्या शिलालेखाचा काही भाग चक्क मराठीत आहे.

भास्कराचार्यांची विचारण्याची पद्धत मला फार आवडते. ते 'गोलाध्याया'त पुराणमताला जे प्रश्न घालतात ते कोणत्याही चौकस मुलाला सुचावेत असेच आहेत. पृथ्वीला आधार लागतो म्हणता, मग त्या आधाराला कशाचा आधार? आणि त्याला? शेवटचा कोणीतरी स्वतःच्याच शक्तीने राहतो असे मानायचे तर ती शक्ती पृथ्वीलाच का देऊ नये? पृथ्वी आरशासारखी सपाट असेल आणि सूर्य तिच्यावर फिरत असेल, तर तो देवांना जसा सतत दिसतो तसा माणसांना का दिसत नाही? मेरूमुळे रात्र होते म्हणता, तर मग मधे येणारा तो सोन्याचा मेरू आपल्याला का दिसू नये? आणि मेरू उत्तरेला असेल, तर हिवाळ्यात सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला कसा उगवतो?

हा शेवटचा प्रश्न तर आपल्या बाल्कनीतून सोडवता येतो. आमच्या घरासमोर पाण्याची टाकी आहे. जूनमध्ये सूर्य तिच्या डावीकडे उगवतो आणि संक्रांतीच्या सुमारास कितीतरी उजवीकडे, शेजारच्या इमारतीच्या कोपऱ्यावरून वर येतो. नातवाने खिडकीच्या काचेवर दर महिन्याला एक टिकली चिकटवली आहे. आधी सुनेने कुरकुर केली, आता तीच त्याला आठवण करून देते.

पृथ्वी किती मोठी, याचा हिशेबही भास्कराचार्यांनी आपल्या मुलखावर बसवला आहे. विषुववृत्तावरच्या लंकेपासून उज्जयिनी पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागाइतकी दूर आहे, तेव्हा हे अंतर मोजून सोळाने गुणावे की परीघ मिळतो. त्यांनी परीघ ४९६७ योजने दिला आहे. उज्जैनचे अक्षांश त्यांनी असे साडेबावीस धरले. आजच्या मोजणीने ते तेवीसच्या थोडे वर आहेत. त्या काळाच्या साधनांनी साधलेले हे माप पाहून कुणीही थक्क व्हावे.

आता तिसरी पायरी. पृथ्वी गोल, निराधार, चंद्राहून मोठी, सावलीने ग्रहण घडवणारी, इतके सारे मूल आपल्याच ग्रंथातून शिकले की उरते काय? फक्त एवढेच की सूर्य पृथ्वीभोवती फिरत नाही, पृथ्वी सूर्याभोवती फिरते. विल्किन्सन आणि सुबाजी यांचे म्हणणे असे की ही शेवटची पायरी पहिल्या दोहोंपेक्षा सोपी आहे. मुलाला आजोबांचे सगळेच खोटे असे म्हणावे लागत नाही. आजोबांच्याच कपाटातला एक ग्रंथ दुसऱ्या ग्रंथाच्या पुढे कसा गेला ते त्याने पाहिलेले असते. तिसरा आणखी पुढे गेला, इतकेच.

हे सगळे सुरळीत पार पडले असे मात्र नाही. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेतले ज्योतिषाचे अध्यापक यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे यांना सुबाजींचे लिखाण पटले नाही. त्यांनी 'अविरोधप्रकाश' लिहिला. पुराणे आणि सिद्धांत यांच्यात विरोध नाहीच, असा त्याचा रोख. सुबाजींनी त्यालाही उत्तर लिहिले. पुणे आणि सीहोर यांच्यातला हा वाद आकाशाविषयी होता, तसाच मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यायचे याविषयीही होता. रोडे हे काही अडाणी गृहस्थ नव्हते. यंत्रांवर आणि गोलगणितावर त्यांनी लिहिलेले आहे. त्यांची चिंता वेगळी होती. एका ग्रंथावरचा विश्वास ढळला की घरातल्या बाकीच्या गोष्टींवरचाही ढळेल, ही ती चिंता. मला ती पटत नाही, पण कळते. नातवंडे असलेल्या कोणालाही ती कळावी. आणि गंमत म्हणजे खुद्द भास्कराचार्यांनीही घरातली शांतता सांभाळली आहे. चंद्रग्रहण सावलीने होते हे सिद्ध करून झाल्यावर, राहू त्या सावलीत शिरून चंद्राला झाकतो असेही ते म्हणून टाकतात. पुराणही राहिले, गणितही राहिले!

सीहोरचा सर्वांत नावाजलेला विद्यार्थी म्हणजे बापूदेव शास्त्री. यांचेच चरित्र दीक्षितांच्या ग्रंथात वाचून मी सीहोरपर्यंत आलो. जन्म १८२१ चा, मूळचे महाराष्ट्रातले, शिक्षण नागपुरात. तिथे धुंडिराज मिश्र यांच्याकडे ते लीलावती आणि बीजगणित शिकत असताना १८३८ मध्ये विल्किन्सनसाहेबांच्या नजरेस पडले आणि साहेब त्यांना सीहोरला घेऊन आले. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. इथे त्यांनी सेवाराम यांच्याकडे सिद्धांत आणि साहेबांकडे युरोपी भूमिती असे दोन्ही एकाच वेळी शिकून घेतले. १८४२ मध्ये ते काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले आणि चार दशकांहून अधिक काळ तिथे शिकवत राहिले. हिंदीत त्यांनी बीजगणिताचे पुस्तक लिहिले. विल्किन्सन यांनी केलेले 'गोलाध्याया'चे इंग्रजी भाषांतर तपासून पुरे केले, ते १८६१ मध्ये कलकत्त्याला छापून निघाले. नागपूर, सीहोर, काशी असा हा एका मराठी मुलाचा प्रवास. नागपूरचे अक्षांश एकवीस, सीहोरचे तेवीस, काशीचे पंचवीस. प्रत्येक मुक्कामी त्यांचा ध्रुवतारा क्षितिजापासून दोन-दोन अंश वर चढत गेला असणार.

विल्किन्सन मात्र हे पाहायला उरले नाहीत. १८४१ मध्येच ते वारले. त्याआधी १८३५ साली मेकॉलेसाहेबांच्या प्रसिद्ध टिपणाने कंपनी सरकारचा ओघ इंग्रजी शिक्षणाकडे वळलेला होता. त्या लाटेत सीहोरची पद्धत मागे पडली. पुढे पृथ्वी गोल असल्याचे वाक्य देशभरच्या मुलांनी पाठ केले, पण ते नुसते वाक्य म्हणून. त्यांच्या घरातल्या कोणत्याही ग्रंथाशी किंवा गच्चीवरून दिसणाऱ्या कोणत्याही ताऱ्याशी त्याचा सांधा कोणी जुळवून दिला नाही. शाळेत सावली आणि घरी राहू, हे दोन्ही मुलांच्या डोक्यात शेजारी शेजारी राहू लागले आणि एकमेकांशी बोलेनासे झाले.

याचे उदाहरण आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे. २२ जुलै २००९ रोजी पहाटे खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सुरत, इंदूर, भोपाळ, काशी, पाटणा असा गेला. भोपाळात सुमारे तीन मिनिटांची खग्रास स्थिती होती. पावसाळ्याचे ढग होते, सूर्य धड दिसला नाही, पण सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान उजाडलेले पुन्हा काळोखले. पक्षी गप्प झाले. अंगावर काटा आला. गच्चीवर आम्ही पाच-सहा जण होतो. खाली वसाहतीत पाहिले तर ओळीने खिडक्या बंद, पडदे ओढलेले. त्या खिडक्यांआड विज्ञान शाखेचे पदवीधर होते, माझे सहकारी होते, आणि सहामाहीत "सूर्यग्रहण आकृतीसह स्पष्ट करा" या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मुले होती. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये ही काळजी अगदी रास्तच, पण अंधार पाहायला काय हरकत होती? आपल्या शहरावरून चंद्राची सावली जाण्याचा योग एका आयुष्यात बहुधा दुसऱ्यांदा येत नाही. कोणाला नावे ठेवण्यासाठी हे लिहीत नाही. माझ्या स्वतःच्या घरातही निम्मी मंडळी आत होती.

सीहोरचा धागा पुढे मराठीत कोणी उचलला असेल तर तो शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी. १८५३ साली कोकणात दापोलीजवळ मुरूडला जन्मलेले हे गृहस्थ आयुष्यभर शाळामास्तर होते. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा बदल्या होत होत शेवटी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात आले आणि १८९८ मध्ये, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षी वारले. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा १८९६ चा महाग्रंथ लिहिणाऱ्या या विद्वानाने त्याआधी सामान्य वाचकासाठी आणि विद्यार्थ्यांसाठी लिहिले होते. १८८२ मध्ये 'सृष्टिचमत्कार', १८९२ मध्ये 'ज्योतिर्विलास'. या दुसऱ्या पुस्तकाचे जोडनाव ऐकण्यासारखे आहे: 'रात्रीची दोन घटका मौज'. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, आजच्या शाळेचा एक तास! मास्तरांनी आकाशाला "धडा" म्हटले नाही, "मौज" म्हटले.

त्याच काळात विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिक १८८१ मध्ये निघाले आणि ते त्यांनी १९१४ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. चरित्रे, कविता आणि त्यांच्या जोडीला शास्त्रीय विषय, असा त्याचा शिरस्ता होता. पाठोपाठ १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांचे 'आनंद' आले. आपल्या माळव्यातही काम चालू होते. सवाई जयसिंगांनी बांधलेली उज्जैनची वेधशाळा मोडकळीला आली होती. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिची दुरुस्ती करवली. आज शाळांच्या सहली तिथे जातात आणि मुले दगडी यंत्राच्या सावलीवरून वेळ वाचतात. वेळ "वाचणे" हा शब्दप्रयोग मला तिथे पहिल्यांदा शब्दशः खरा वाटला.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घराचे आणखी एक उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. डॉ. जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचे, पण बालपण गेले बनारसला, कारण वडील विष्णु वासुदेव नारळीकर १९३२ पासून काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. म्हणजे बापूदेवांचीच काशी! त्या घरात भिंतीवर फळा होता आणि मुक्कामाला आलेले मामा त्यावर गणिताची कोडी घालून ठेवत. भाच्याने ती सोडवेपर्यंत कोडे पुसले जात नसे. पुढे डॉ. नारळीकर मोठे झाले, १९८८ मध्ये पुण्यात आयुकाची स्थापना झाली, मराठीत त्यांनी मुलांसाठी भरपूर लिहिले. सही मागायला आलेल्या मुलांना ते सही देत नसत. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही येईल, असे सांगत आणि तसे उत्तर देतही. २० मे २०२५ रोजी ते गेले, त्या दिवशी कित्येक घरांत जुनी पोस्टकार्डे बाहेर काढली गेली असतील.

आता थोडे आपल्या मुलांच्या पुस्तकांविषयी. घरोघरी गुळगुळीत कागदाची, सुंदर चित्रांची इंग्रजी पुस्तके आहेत. ती वाईट मुळीच नाहीत. पण त्यातली बरीच पुस्तके ज्या गावाच्या आकाशाकडे पाहून लिहिली आहेत ते गाव आपले नाही. पाडव्यानंतर दोन-तीन दिवसांनी नातवाने गच्चीवरून चंद्रकोर पाहिली आणि शाळेच्या वहीत होडीसारखी, आडवी काढली. बाईंनी त्यावर लाल फुली मारून शेजारी उभी कोर काढून दिली, पुस्तकातल्यासारखी. बाईंचा तरी काय दोष? त्यांच्या पुस्तकात तसेच आहे. विलायतेसारख्या उत्तरेकडच्या देशांत कोर बरीच उभी दिसते. जितके दक्षिणेला यावे तितकी ती आडवी होत जाते आणि आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात तर जवळजवळ होडीच होते. पोराने पाहिले ते खरे काढले होते. तो रडवेला होऊन घरी आला तेव्हा मी त्याला दुसरे काही न सांगता संध्याकाळी पुन्हा गच्चीवर नेले.

तीच गोष्ट अगस्तीची. आकाशातला व्याधाखालोखाल तेजस्वी तारा. माघ महिन्यात रात्री दक्षिणेला, भोपाळहून क्षितिजावर चौदा अंशांपर्यंत चढलेला दिसतो. लंडनहून तो कधीच दिसत नाही. त्यामुळे तिथल्या मुलांच्या चित्रपुस्तकात त्याला जागा नसली तर नवल नाही. आपल्या मुलांना मात्र तो पुस्तकात नाही म्हणून आकाशातही दिसत नाही.

आणि आपल्याकडे तर महिन्यांची नावे हाच एक आकाशपाठ आहे. कार्तिकातला पूर्ण चंद्र कृत्तिकांजवळ, मार्गशीर्षातला मृगाजवळ, चैत्रातला चित्रेजवळ. एवढे वाक्य मुलाने वाचावे आणि त्या पौर्णिमेला बाहेर येऊन पाहावे. यंदा कार्तिकी पौर्णिमेला आम्ही हेच केले. मंडळाच्या सभागृहाच्या गच्चीवर अकरा मुले आली होती. आधी खाली बसून प्रत्येकाने मराठीतले एक-एक वाक्य मोठ्याने वाचले, कोणी अडखळत, कोणी हिंदी वळणाने. मग वर जाऊन चंद्राच्या शेजारचा कृत्तिकांचा पुंजका शोधला. पूर्ण चंद्राच्या प्रकाशात तो सहज दिसत नाही. एका मुलीने हाताने चंद्र झाकून तो आधी हेरला आणि मग बाकीच्यांना दाखवण्याचा मक्ताच घेतला. खाली येताना तिने मला विचारले, "काका, वाक्यात 'जवळ' लिहिलंय, पण किती जवळ ते का नाही लिहिलं?"

त्या प्रश्नावरून आमचे मुठीचे मोजमाप सुरू झाले. हात सरळ लांब धरून मूठ वळली की ती आकाशात सुमारे दहा अंश झाकते. लहान मुलाची मूठ लहान आणि हातही आखूड, त्यामुळे हिशेब सर्वांना सारखाच लागू पडतो. भोपाळला उत्तर क्षितिजापासून ध्रुवापर्यंत दोन मुठी आणि वर थोडेसे भरते, कारण आपले अक्षांश सव्वातेवीस आहेत. पुण्याचे साडेअठरा. सुटीत आजोळी जाणाऱ्या मुलांना मी सांगितले आहे की तिथे गच्चीवर जाऊन ध्रुव मोजा, तो जवळजवळ अर्धी मूठ खाली उतरलेला असेल. पुणे आपल्या दक्षिणेला सरळ रेषेत धरले तर सुमारे सव्वापाचशे किलोमीटर भरते. पावणेपाच अंशांना सव्वापाचशे, तर तीनशे साठ अंशांना किती, हे त्रैराशिक पाचवीतल्या मुलालाही सुटते आणि उत्तर चाळीस हजारांच्या आसपास येते. भास्कराचार्यांनी लंका आणि उज्जैन घेतले, आपण पुणे आणि भोपाळ घेऊ.

त्यानंतरच्या सुटीत नातू रेल्वेने पुण्याला गेला होता. दुसऱ्याच रात्री त्याचा फोन आला. शेजारी मामेभावंडांचा गलका चालला होता. म्हणाला, "आबा, इथे दोन मुठी पण पूर्ण होत नाहीत. आणि खाली बिल्डिंग आहे, तिची किती मूठ वजा करायची?"